सारिकाचं मनोमान

सारिका गावंडे त्या दिवशी सकाळी नवऱ्यावर चिडली, आणि चिडायला कारणही तसंच होतं. चिखलदऱ्याला माती परीक्षणाचं नवं केंद्र सुरू होणार होतं. सहा महिने तिथं प्रमुख म्हणून जाल का, असं अकोल्याच्या प्रयोगशाळेत साहेबांनी तिला विचारलं होतं. बावीस वर्षं मातीचे नमुने चाळण्यात आणि ब्युरेटच्या थेंबावर नजर लावून बसण्यात गेली होती. असं काही कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. तिनं घरी विषय काढला. आणि प्रफुल्लनं, तिच्या नवऱ्यानं, तिला न सांगता साहेबांना फोन करून 'एवढ्यात नको' म्हणून कळवून टाकलं.

"तुम्ही कोण परस्पर नाही म्हणणारे?" ओट्यापाशी उभी राहून ती म्हणाली. "मला विचारलं होतं त्यांनी. तुम्हाला नाही."

प्रफुल्लच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात फोन. फोनकडे बघतच तो म्हणाला, "त्रेपन्न आहे आज तुझं. कालच्यापेक्षा चारनं खाली. साठच्या वर गेलं की बोलू ना आपण शांतपणे."

सारिकानं गॅस बंद केला. राग तिथल्या तिथं विझून गेला होता आणि त्याच्या जागी गेली तीन वर्षं येत होता तोच थकवा आला होता. पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. आवाज चढवला असता तर आकडा आणखी खाली गेला असता.

त्रेपन्न हे तिचं मनोमान होतं. त्या काळी बहुतेकांच्या फोनमध्ये 'सोबत' नावाचं ॲप असायचं, आणि ते माणसाच्या मनाची अवस्था शून्य ते शंभरच्या मापात सांगायचं. त्यात जादू काही नव्हती. नैराश्य येऊ लागलं की माणसाचं शरीर त्याच्या मनाआधी मंदावतं, हे संशोधकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. दोन शब्दांमधली विश्रांती लांबते, आवाजातले चढउतार सपाट होतात, पावलं जवळजवळ पडू लागतात, टाइप करताना बोट अक्षरावर क्षणभर जास्त रेंगाळतं. एकेक फरक इतका बारीक असतो की शेजारी झोपणाऱ्या माणसालाही तो कळत नाही. पण फोन कायम अंगावर असतो. ऐकत असतो, हलत असतो, बोटांचा वेग मोजत असतो. लाखो माणसांच्या अशा नोंदी एकत्र करून एक गणिती प्रारूप तयार झालं, आणि ते रुग्णाला स्वतःला जाणवायच्या आठ-नऊ दिवस आधी धोका ओळखू लागलं. आकडा चाळिसाच्या खाली गेला की जवळच्या माणसांना इशारा जायचा. या जवळच्या माणसांच्या यादीला ॲपमध्ये 'वर्तुळ' म्हणत.

सारिकाच्या वर्तुळात नवरा होता, पुण्याला शिकणारी मुलगी ऋजुता होती, आणि मोठी नणंदही होती.

आणि हे यंत्र खोटं नव्हतं. सारिकाची खरी अडचण तीच होती. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी प्रफुल्लला वीज उपकेंद्रात काम करताना इशारा आला होता : एकतीस. तो सगळं सोडून निघाला. फोनवरच्या नकाशानं त्याला धरणापर्यंत नेलं. भिंतीजवळ स्कूटर लावून सारिका पाण्याकडे बघत बसली होती. आपण तिथं का आलो, हे तिला त्या वेळीही नीट सांगता आलं नाही, नंतरही नाही. प्रफुल्लनं तिचा हात धरला आणि गाडीत बसवलं. पुढं डॉक्टर मिर्झांची औषधं, दर पंधरवड्याच्या बैठका, हळूहळू भूक, हळूहळू झोप. दीड वर्षात ती बरी झाली.

ती बरी झाली, पण आकडा घरातच राहिला. भाजीत मीठ कमी पडलं तरी आकडा बघितला जायचा. ऋजुताचा फोन आला की पहिलं वाक्य, "आई, एकोणसाठ का गं आज?" सारिकाला कोणी 'कशी आहेस' म्हणून विचारल्याला किती दिवस झाले, हे तिला आठवत नव्हतं. विचारायची गरजच उरली नव्हती.

मग ती आकड्याला फसवायला शिकली. प्रयोगशाळेच्या फाटकापासून दारापर्यंत ती मुद्दाम झपझप चालायची. फोनवर बोलताना आवाजात हेल काढायची. दुपारी डब्यानंतर वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्यानं, रंगवून वाचायची. आकडा एकाहत्तरवर गेला. घरी सगळे खूश झाले, गांधी रोडवरून प्रफुल्ल कचोरी घेऊन आला. त्या आठवड्यात सारिका जितकी दमली, तितकी आजारपणातही दमली नव्हती.

चिखलदऱ्याच्या भांडणानंतर चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतून येताना ती एका मोबाइलच्या दुकानात थांबली. "बटणांचा फोन आहे का? साधा. फक्त बोलायचा."

दुकानदारानं खालच्या खणातून खोकं काढलं, फुंकर मारली. "ताई, यात ॲप बसत नाही हं. कॅमेरा नाही, नकाशा नाही. मेसेज येईल तेवढा."

"हा आपण बोललेलं कुठं पाठवतो का?"

"पाठवेल कशानं? यात डोकंच नाही ना काही," दुकानदार म्हणाला.

तिनं तो घेतला. तळहातात मावणारा, निळसर, बटणं दाबली की टकटक वाजणारा. जुना फोन तिनं बंद करून कपाटात, हिवाळी शालींच्या खाली ठेवून दिला.

घरी जे व्हायचं ते झालं. प्रफुल्ल आधी हसला, मग रागावला, मग नुसताच बसून राहिला. "तुला कळतंय का, काय करतेयस तू?" तो म्हणाला. "मला काही कळणारच नाही आता."

"मला विचारा की."

"आणि तू सांगशील?"

"सांगेन."

"तेव्हा सांगितलं होतंस?"

तेव्हा तिनं सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं.

पहिले दिवस तिला वाटलं होतं तितके सोपे गेले नाहीत. तिचा हात उगाच पर्समध्ये जायचा आणि बटणांना लागून रिकामा परत यायचा. बाळापूरकडच्या एका गावात नमुने आणायला गेली तर रस्ता चुकून तासभर भटकली, चार माणसांना विचारत पोचली. प्रयोगशाळेतली हजेरी ॲपवर लागायची. साहेबांनी कुरकुरत तिच्यासाठी कागदाचं मस्टर काढलं. संध्याकाळ मोठी वाटायची. फोन नव्हता म्हणून आयुष्य काही एकदम हिरवंगार झालं नाही. एवढंच झालं की ती हळू चालली तर हळू चालायची, आणि कोणी त्याचा अर्थ लावत नव्हतं.

मग ती डॉक्टर मिर्झांकडे गेली. केंद्राची जागा अजून रिकामीच होती आणि साहेबांना तिनं स्वतः जाऊन होकार कळवला होता. चिखलदऱ्याला जायचं तर अर्जात मनोमानाचा रकाना भरायचा होता, आणि आता तिच्याकडे आकडा नव्हता. त्याऐवजी डॉक्टरांचं पत्र चालेल, असं साहेब म्हणाले होते. डॉक्टर मिर्झा साठीच्या होत्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी तिला पाऊण तास प्रश्न विचारले. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "त्या ॲपनं तुझा जीव वाचवला, हे खरं आहे. ते तुला कोंडतंय, हेही खरं आहे. यातलं एक खोटं आहे असं मी तुझ्या समाधानासाठी म्हणणार नाही."

"मग मी काय करू?"

"आकडा नको असेल तर त्याचं काम तुला करावं लागेल. स्वतःकडे बघावं लागेल, आणि वाईट वाटलं तर तोंडानं बोलावं लागेल. ते अवघड आहे. झेपेल?"

"माहीत नाही," सारिका म्हणाली.

"हे बरं उत्तर दिलंस," म्हणत डॉक्टरांनी लेटरहेड पुढं ओढलं.

अर्ज गेला. प्रफुल्ल चिडला नाही. उलट तो पूर्वीपेक्षा शांत झाला होता, आणि सारिकाला वाटलं, सवय होतेय त्याला. तीन आठवडे असे गेले. एका संध्याकाळी जेवताना तो सहज म्हणाला, "आज दुपारी जरा दमली होतीस ना? घे, थोडा भात अजून घे."

सारिकाचा घास हातातच राहिला. त्या दिवशी दुपारी ती खरंच दमली होती. दोनशे नमुन्यांचा सामू, म्हणजे आम्लता, तपासून ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती, दहाएक मिनिटं. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतेस ना दमलेली."

"'दुपारी' म्हणालात तुम्ही."

प्रफुल्लला खोटं बोलता यायचं नाही. त्यानं ताटाकडे बघत सांगून टाकलं. 'सोबत'वाल्यांनी आता छायामान सुरू केलं होतं. फोन आपल्या मालकाचा आवाज ऐकतो तेव्हा आजूबाजूच्यांचेही आवाज त्याच्या कानावर पडतातच. मालकाचा आवाज स्वच्छ करायला ते बाजूला काढावे लागतात. आधी कंपनी ते टाकून द्यायची, मग टाकेनाशी झाली. प्रत्येक आवाजाची ठेवण वेगळी असते. एकदा ती ओळखली की कोणाच्याही फोनमधून त्या माणसाचा माग काढता येतो. पूर्वी आजारी असलेल्या माणसासाठी जवळच्या नातेवाइकानं काळजीवाहू म्हणून संमती दिली आणि त्या माणसाजवळ दिवसभर असणारा एखादा फोन जोडून दिला, की आकडा पुन्हा सुरू. त्या माणसाजवळ स्वतःचा फोन असायचीही गरज नव्हती.

"कोणाचा फोन?" सारिकानं विचारलं.

विचारता विचारताच तिला ते कळलं. प्रयोगशाळेत दिवसभर तिच्याजवळ एकच फोन असायचा, फोटोमीटरच्या शेजारी उभा करून ठेवलेला, त्यावर हळू आवाजात गाणी लावलेली. पौर्णिमा खंडारेचा. पौर्णिमा तिची सहायक, नऊ वर्षांपासूनची. आजारपणात दर रविवारी डबा घेऊन येणारी.

सकाळी सारिकानं तिला विचारलं, तेव्हा पौर्णिमानं नाकबूल केलं नाही. नमुन्याची पिशवी उघडता उघडता ती थांबली.

"हो मॅडम. मीच जोडला."

"मला विचारलं नाहीस तू."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"मग काऊन केलंस?" सारिका रागानं तिच्याच बोलीत म्हणाली. "तुझ्यासमोर मी मोकळी बसत होते, पौर्णिमा. एवढ्याच एका जागी बसत होते."

पौर्णिमाचे डोळे भरून आले. "सर रडले हो फोनवर," ती म्हणाली. "मला म्हणे, तिला सांगू नका. लहान पोरासारखे रडले. म्हणे रात्रीतून चार चारदा उठून पाहतो, श्वास चालू हाय का तिचा. मी काय म्हणणार होते, मॅडम?"

तिनं तिथंच फोन उचलून जोडणी काढून टाकली आणि फोन खोलीबाहेर, खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. सारिका बराच वेळ ब्युरेटपुढं बसून राहिली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. प्रफुल्लला तिनं एकदाही रडताना पाहिलं नव्हतं, त्याचे वडील गेले तेव्हाही नाही. तिच्यावर पाळत ठेवणाऱ्या माणसाचा राग कसा करायचा, हे तिनं गेले काही महिने मनात पक्कं केलं होतं. या रडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे तिला कळेना.

दुपारी अर्धी रजा टाकून ती उपकेंद्रावर गेली. बाहेर रोहित्रांची घरघर चालली होती. आत प्रफुल्ल नियंत्रण पटलासमोर बसला होता. भिंतभर हिरवे दिवे, कुठल्या वाहिनीवर किती भार याचे आकडे. तिला बघून तो एकदम उठला. "काय झालं?"

"काही नाही. बसा."

ती शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही झोपत नाही?"

प्रफुल्ल समजला. "पौर्णिमा बोलली."

"मला का नाही सांगितलं?"

"तू आजारी होतीस. मी तुला काय सांगायचं?" पटलाकडे बघत तो बोलू लागला. "त्या दिवशी मी इथंच बसलो होतो. एकतीस दिसलं. इथून धरणापर्यंत पन्नास मिनिटं लागली मला. सारिका, त्या पन्नास मिनिटांत तू माझ्यापुरती मेली होतीस. मी गाडी चालवत चालवत ऋजुताला कसं सांगायचं ते जुळवत होतो. पोचलो तर तू बसलेली. सगळे म्हणाले, सुटलास. मी कुठं सुटलो? मी अजून त्याच गाडीत आहे. आकडा बघितला की दोन तास बरे जातात. मग परत तेच."

तीन वर्षं तिच्या मनाचं माप घेतलं गेलं होतं. हा माणूस तिच्याशेजारी झिजत होता आणि त्याचा आकडा कोणी विचारला नव्हता, तिनंही नाही.

"तुम्ही डॉक्टरांकडे चला," ती म्हणाली. "माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी."

"तू तो जुना फोन घे, मी लगेच बरा होतो."

"नाही घेणार."

"इतकं सांगूनही?"

"इतकं सांगितलंत म्हणून तर. त्या आकड्यानं मी कशी आहे ते कळतं, पण माझं म्हणणं ऐकू येत नाही तुम्हाला. मी चिडले तरी आजार, गप्प बसले तरी आजार. मला या घरात एकदा तरी नुसतं चिडता यायला हवं." ती थांबली. "मी सांगेन तुम्हाला. खरं सांगेन. त्याहून जास्त काही माझ्याजवळ नाही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर नाही सांगितलं. त्याची खात्री मी कशी देऊ?"

पटलावरचा एक दिवा तांबडा झाला. प्रफुल्लनं उठून फोन लावला, कुठल्यातरी वाहिनीबद्दल बोलला, परत येऊन बसला. अर्ध्या तासानं ती उठली आणि घरी गेली. भांडण मिटलं नव्हतं, पण त्याला कुठून तरी वाट फुटली होती.

महिनाभरानं ती चिखलदऱ्याला निघाली. प्रफुल्ल तोवर दोनदा डॉक्टर मिर्झांकडे जाऊन आला होता आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. बसस्टँडवर तिची बॅग वर ठेवताना त्यानं सांगितलं, "ते छायामान... दर महिन्याला संमती परत मागतात. या वेळी मी नाही दिली." आणि बस सुटायच्या आधीच तो वळून चालू लागला, कारण थांबला असता तर त्यानं तिला उतरवून घेतलं असतं.

चिखलदऱ्याचं केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची पडवी, समोर उतारावर कॉफीची झाडं. मेळघाटातल्या गावांतून मातीच्या पिशव्या येत. सारिका त्या सावलीत वाळवायची, चाळायची, तपासायची. प्रफुल्लचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पहिल्या आठवड्यात त्याला काय विचारावं तेच कळायचं नाही. "जेवलीस?" "हो." "थंडी आहे?" "आहे." दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "कशी आहेस?" आणि विचारल्यावर स्वतःच अवघडला. सारिका म्हणाली, "आज बरी आहे. काल नव्हते फारशी. चूल पेटत नव्हती म्हणून रडले." तो हसला, आणि मग थोडा घाबरला, हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं. पण त्यानं एवढंच विचारलं, "मग पेटली का?"

नवव्या आठवड्यात तो दिवस आला. सकाळी ती नमुने मांडायला बसली आणि सतरा पिशव्या तिनं तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळ्या आल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं आणि ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. अंगात काही दुखत नव्हतं. फक्त उठून पाणी प्यायला जाणं हे फार लांबचं काम वाटत होतं. ती ओळखीची जागा होती. सांगायचं कशाला, उद्या बरं वाटेल, असं मनातलं कोणीतरी अगदी शहाण्यासारखं सांगत होतं. तीन वर्षांपूर्वीही त्यानं हेच सांगितलं होतं.

अकराच्या सुमाराला तिनं फोन उचलला. प्रफुल्लनं घेतला नाही. ती ठेवून देणार होती. मग तिनं उपकेंद्राचा नंबर लावला. तो तिला पाठ होता. कोणीतरी हाक मारली, पावलं ऐकू आली.

"बोल," प्रफुल्ल म्हणाला.

"मला बरं वाटत नाहीये."

पलीकडे रोहित्रांची घरघर ऐकू येत होती. 'किती' असं तो विचारेल, असं तिला वाटलं.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही. तुम्हालाच आधी."

"मी सांगतो त्यांना. तू पडवीत बस, कोणी माणूस असेल तिथं बस. मी निघतो."

केंद्रात झाडलोट करणाऱ्या बाई होत्या. सारिका त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्या मोहाच्या पत्रावळी लावत होत्या. त्यांनी चार पानं आणि काड्या तिच्या पुढ्यात सरकवल्या. सारिकाला ते जमलं नाही, पण हात चालू राहिले. मधे डॉक्टर मिर्झांचा फोन आला, त्यांनी गोळी वाढवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी अकोल्यात यायला सांगितलं.

अकोट, अंजनगाव, परतवाडा, मग घाट. प्रफुल्लला पोचायला पावणेचार तास लागले. गाडीतून उतरून तो पडवीकडे आला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सारिका उठून उभी राहिली. केस नीट होते, साडी नीट होती, पुढ्यात वाकड्यातिकड्या सहा पत्रावळी होत्या. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ, पुस्तकातलं न कळणारं पान बघावं तसं. शेवटी हायसं वाटून तो म्हणाला, "बरी दिसतेस तू."

"नाहीये," सारिका म्हणाली.

प्रफुल्लनं पुन्हा बघितलं. त्याला काहीच वेगळं दिसलं नाही.

"बरं," तो म्हणाला आणि तिची बॅग भरायला आत गेला.